नाव आहे, मजकूर नाही

डिचोली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली गेले. त्यामुळे या दोन तालुक्यांतील जुन्या घरांत मोडी कागद आणि पोर्तुगीज दस्तऐवज एकाच पेटीत असणे नवलाचे नाही. वाळवी आणि पावसाळी दमट हवा हे त्यांचे वैरी होत. म्हणून अशा कागदांची छायाचित्रे घेऊन ती दूरच्या सर्व्हरवर ठेवणे शहाणपणाचे ठरते. तथापि, कधीकधी असे घडते की, यादीत फाईलचे नाव दिसते. परंतु ती उघडावी, तर लांबी शून्य बाईट! हे कसे घडते?

मोठी साठवण एका यंत्रात नसते. ती अनेक यंत्रांत विभागलेली असते. २००६ साली पुढे आलेल्या हॅडूप या प्रणालीचे उदाहरण घ्यावे. तिच्यात एक सर्व्हर केवळ नोंदवही सांभाळतो. मजकूर मात्र सामान्यतः १२८ मेगाबाईटपर्यंतच्या तुकड्यांनी कोठारवजा अशा निरनिराळ्या यंत्रांत जातो आणि प्रत्येक तुकड्याच्या बहुधा तीन प्रती ठेवल्या जातात. नाव आधी वहीत चढते. मजकूर मागाहून कोठारात पोचतो. दरम्यान वीज गेली, जोडणी तुटली, कोठारांच्या डिस्क भरल्या, किंवा वहीपर्यंतची वाट मोकळी असूनही कोठारांची वाट फायरवॉलने अडविली, तर नाव राहते आणि कोठार रिकामे! येथे तीन प्रतींचाही उपयोग नाही. जे पोचलेच नाही, त्याची प्रत कशी निघणार?

दोष शोधण्याचा क्रम साधा आहे. प्रथम घरची मूळ फाईल उघडून पाहावी. तीच रिकामी असेल, तर साठवणीला बोल लावण्यात अर्थ नाही. मग दोन्हीकडील लांबी ताडावी. पलीकडे शून्य असेल, तर कोठारांची वाट आणि शिल्लक जागा तपासावी. लांबी कमी असेल, तर पाठवणी मध्येच तुटली असे समजावे. लांबी सारखी असूनही फाईल उघडत नसेल, तर दोन्हीकडे ‘चेकसम’ काढावा. मजकुरावरून हिशेबाने काढलेली ही खूण एक अक्षर बदलले तरी बदलते. नावच दिसत नसेल, तर ते तात्पुरत्या नावाने अडकले आहे काय, हे पाहावे. कारण सावध प्रणाली पाठवणी पुरी झाल्यावरच खरे नाव देते.

या साऱ्याचे तात्पर्य इतकेच की, यादीतील नाव म्हणजे पोच नव्हे. पाठविलेली फाईल परत उतरवून, उघडून, मुळाशी ताडून पाहीपर्यंत फोनमधील छायाचित्र पुसू नये. आणि पेटीतला कागद तर त्यानंतरही जपून ठेवावा. फाईल पुन्हा पाठविता येते. वाळवीने खाल्लेली सही पुन्हा मिळत नाही.