बॉस, जरा लाइट मारा!

छतावर झगझगीत ट्यूब, आणि बोटं जातात तिथे अंधार... दोनशे रुपयांच्या एलईडी पट्टीनं अंबडच्या एका प्रेस शॉपमध्ये काय बदललं?

फोटो बघितला आणि मला हसूच आलं. मैत्रिणीचा भाऊ टेक्सासला असतो, आयटीत. त्याच्या गॅरेजमधल्या टेबलावर एक लोखंडी प्रेस, आणि तिच्या आतल्या बाजूला चिकटवलेली एलईडीची पट्टी. मोबाइलच्या चार्जरवर चालणारी. गणपतीच्या मखरातून उरलेली वाटावी अशी!

ही प्रेस काडतुसं पुन्हा भरण्याची. तिकडे नेमबाजीचा शौक असलेले बरेच जण हे काम घरीच करतात. गोळी झाडली की पितळेची रिकामी पुंगळी उरते. तिचा जुना प्राइमर काढायचा, पुंगळी मापात आणायची, नवा प्राइमर बसवायचा, मोजून पावडर भरायची आणि वर गोळी दाबायची. सिंपल? अजिबात नाही. पावडर भरायची राहून गेली, तर नुसत्या प्राइमरच्या जोरावर निघालेली गोळी नळीतच अडकू शकते. मागून दुसरी झाडली, की नळी फुटण्याचा धोका. पावडर दोनदा पडली, तरी तीच भीती. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावून बघायचं. आणि नेमकी तिथेच प्रेसची सावली! खोलीतला दिवा कितीही मोठा असो, पुंगळीच्या तळाशी अंधारच. त्यावर उपाय म्हणजे ही पट्टी. जवळच पावडर असते, म्हणून तापणारा बल्ब नको, एलईडीच हवी.

'सही आहे, आपणही करू,' असं म्हणण्याआधी थांबा. आपल्याकडे काडतुसं बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली लायसन्स लागतं. गॅरेजमध्ये बसून करायचा हा छंद नाही. आणि नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं, त्या प्रकारातली पॉइंट टू टूची काडतुसं तर सहसा एकदाच वापरायची असतात. त्यांचा प्राइमरचा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो.

मग हा फोटो मी मोबाइलमध्ये जपून का ठेवला? कारण तसाच अंधार मी आपल्या अंबडमध्ये बघितला.

एका मैत्रिणीच्या काकांचं तिथे छोटं प्रेस शॉप आहे. चार पॉवर प्रेस, पत्र्याचे वॉशर आणि ब्रॅकेट. बाजूचं फ्लायव्हील फिरत असतं. पायानं पेडल दाबलं की रॅम खाली येतो, पंच डायमध्ये घुसतो, जॉब तयार. शिफ्टभर हेच. छतावर ट्यूब होत्या, पण मशिनचं डोकं पुढे आलेलं आणि ऑपरेटरचं त्याच्यावर वाकलेलं. दोघांची सावली थेट डायवर.

मी उजेडाचं विचारलं, तर काकांनी उजवा हात पुढे केला. तर्जनीचं टोक नव्हतं. "जॉब अडकला होता. मला वाटलं निघाला. काढायला हात घातला अन् पाय पेडलवरच होता," ते म्हणाले. मग जरा थांबून, "अगं, डोळ्याला दिसलं नाही ना, की माणूस बोटानं चाचपतो."

मी त्यांना टेक्सासचा फोटो दाखवला. काका लगेच कामाला लागले! बारा व्होल्टची एलईडी पट्टी आणि अॅडाप्टर आला. पहिला प्रयत्न फसला. तेल आणि हादरे यांच्यापुढे चिकटपट्टी टिकली नाही, दुसऱ्या दिवशी पट्टी डायवर लोंबत होती. दुसऱ्यांदा ती अॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये घालून नट-बोल्टनं फ्रेमवर बसवली, तर चकचकीत पत्र्यावरून उजेड थेट डोळ्यात! तिसऱ्यांदा कोन बदलला, वर दुधी प्लॅस्टिक लावलं. जमलं. मशिनवरचे दादा एवढंच म्हणाले, "आता मान खाली घालावी लागत नाही."

यामागचा फंडा जुनाच आहे. छोटा दिवा दहा फुटांवरून एक फुटावर आणला, की त्याचा उजेड साधारण शंभरपट होतो. आईच्या शिलाई मशिनला सुईजवळ बल्ब असतो, तो याचसाठी. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या १७ व्या कलमानंही नुसता उजेड मागितला नव्हता. डोळ्यावर येणारी तिरीप आणि अपघात घडवेल अशी सावली टाळा, असंही त्यात होतं.

पण काकांनी एक गोष्ट बजावून सांगितली. दिवा म्हणजे गार्ड नव्हे. म्हणून त्यांनी पट्टीबरोबर पेडलही काढायला घेतलंय. आता दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय रॅम खाली येणार नाही.

ट्राय करायचंय? हे लक्षात ठेवा

• आधी मेन स्विच बंद. फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या.
• अॅडाप्टर लांब ठेवा, मशिनवर फक्त कमी व्होल्टची वायर न्या.
• पट्टी फ्रेमवर लावा, हलणाऱ्या रॅमवर कधीच नको.
• जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. अशा उजेडात फिरणारं चाक थांबल्यासारखं दिसू शकतं. चांगल्या अॅडाप्टरवरची डीसी पट्टी हा घोळ करत नाही.
• उजेड डायवर पडू दे, डोळ्यात नको. वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच.

आपल्यातले कित्येक जण एसी केबिनमधून ड्रॉइंग पाठवतात, महिन्यातून एकदा व्हेंडरकडे चक्कर मारतात, चहा घेऊन परततात. पुढच्या वेळी गेलात, तर छतावरच्या ट्यूब मोजू नका. मशिन बंद असताना ऑपरेटरच्या जागी उभे राहा आणि डायकडे बघा. काही दिसलं नाही, तर चहा नंतर. आधी लाइटचं बोला!