भिंतीआधी टाकी

मनमाडात घराविषयी बोलायला बसलं की बोलणं आधी पाण्यावर येतं. वागदर्डी धरणाने तळ गाठला, पालखेडच्या डाव्या कालव्याचं आवर्तन लांबलं, की उन्हाळ्यात नळ पंधरा-वीस दिवसांनी येतो. मग ड्रम, पिंपं, हंडे, कळशा यांनी निम्मं घर अडतं. २०१३ च्या दुष्काळात आम्ही घरच्या माणसांनी मिळून जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा अण्णांनी एक नियम घालून दिला: कुणाच्याही घरी गेलं की आधी पाणी कुठे साठवता ते विचारायचं, रंग आणि फरशी नंतर.

अण्णा रेल्वेच्या इंजिनीअरिंग वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पुलांचे गर्डर जिथे तयार होतात, तो मनमाडचा जुना कारखाना. थोरला भाऊ गवंडीकामात मुरलेला, हिशेब माझ्याकडे, आणि स्वयंपाकघराची मापं वहिनीकडे. ओटा किती उंच हवा, मोरी कुठे हवी, हे घरातल्या बायका तिला मोकळेपणाने सांगत. आमच्यासमोर मात्र ‘तुम्ही म्हणाल तसं’ एवढंच. ओट्याची उंची मोजताना वहिनी त्या बाईला प्रत्यक्ष उभं करून कोपराखाली टेप धरायची. आमचं नाव पसरण्यात या टेपचा वाटा मोठा आहे, असं मला आजही वाटतं.

पहिली गिऱ्हाईकं रेल्वेतली. त्याला कारण होतं. नोकरीभर माणूस क्वार्टरमध्ये राहतो आणि गावात घेतलेलं छोटं घर तसंच पडून असतं: पत्र्याचं छप्पर, काळ्या दगडाच्या मातीत रचलेल्या भिंती, शहाबादी फरशी. निवृत्तीनंतर क्वार्टर नेहमीच्या भाड्यात चार महिने ठेवता येतं. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात, आणि चार महिन्यांत राहायला जायचं. नवं बांधायला वेळ पुरत नाही, आहे तेच नीट करून हवं असतं. अण्णांच्या ओळखीतल्या अशाच एका काकांनी पहिलं काम दिलं.

त्या घरात आम्ही आधी टाकी धरली. हिशेब काकांसमोरच कागदावर मांडला. पाच माणसं, माणशी ८० लिटर, म्हणजे दिवसाला ४०० आणि वीस दिवसांना ८,०००. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, पाच फूट खोल टाकीत साधारण ८,५०० लिटर मावतं. खोदाईत दोन-तीन फुटांवरच काळा पाषाण लागला. शेजारच्या भिंती जुन्या, त्यामुळे सुरुंगाचा विचारच नाही. ब्रेकरने थोडं थोडं फोडत खाली गेलो. टाकीचं काँक्रीट झालं की ते ओलं ठेवायला पुन्हा पाणीच लागतं, किमान सात दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा. म्हणून काँक्रीटचा दिवस नळाच्या पाळीला जोडून धरायचा आणि वर गोणपाट भिजवून ठेवायचं, ही आमची पद्धत तिथेच पडली. टाकी भरून आत खडूने रेघ मारली. आठवडाभराने पातळी तिथेच दिसली, तेव्हा काकूंनी शेजारच्या दोघींना बोलावून ती रेघ दाखवली. त्यातल्या एकीकडचं काम पुढे आम्हालाच मिळालं.

दुसरं मोठं काम दोन खोल्यांमधली भिंत काढण्याचं. छताचा भार भिंतीवर असलेल्या घरात हे धोक्याचं असतं, आणि इथे अण्णांची नोकरी उपयोगी पडली. दोन्ही बाजूंना टेकू लावायचे. भिंतीच्या अर्ध्या जाडीत खाच घेऊन एक गर्डर बसवायचा, टोकांखाली काँक्रीटचे ठोकळे द्यायचे, तो पक्का झाला की दुसऱ्या बाजूने दुसरा. मग दोन्ही बोल्टांनी आवळून खालची भिंत उतरवायची. पुलावरून गाडी जाताना गर्डर किती वाकतो हे ज्याने आयुष्यभर मोजलं, त्याला बारा फुटांच्या दालनाला कोणतं लोखंड पुरेल हे कळत होतं. तरीही त्यांनी नाशिकच्या एका स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून कागद करून घेतलाच.

जाहिरात कधी केली नाही. सकाळच्या ‘पंचवटी’ने रोज नाशिकला जाणारे पासधारक डब्यात तासभर तरी बोलतात, आणि कुणाच्या घराचं काय चाललंय हा तिथला आवडता विषय. एस्टिमेट कलमवार लिहून द्यायचो: सिमेंटच्या गोण्या, वाळूचे ब्रास, मजुरी वेगळी, मोडतोडीचा राडारोडा उचलायचा खर्च वेगळा. तो कागद डब्यात हातोहात फिरला, असं दोघा-तिघा गिऱ्हाइकांनी सांगितलं.

पुढची वर्षं सरळ गेली नाहीत. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत मजुरांचे आठवड्याचे पैसे भागवताना वहिनीची बचत वापरावी लागली. २०२० च्या टाळेबंदीत उघडी पडलेली एक न्हाणी कित्येक आठवडे तशीच राहिली, आणि त्या कुटुंबाने आम्हाला एकही वाकडा शब्द ऐकवला नाही. दुसरीकडे सातव्या वेतन आयोगाने ग्रॅच्युइटीची मर्यादा १० लाखांवरून २० लाखांवर नेली आणि निवृत्त माणसं स्लॅबच्या घराचा विचार करू लागली.

आता फोन पुण्या-मुंबईहून मुलांचे येतात. आई-बाबांसाठी कमोड बसवा, भिंतीला धरायला दांडा लावा, न्हाणीचा उंबरा काढा, फरशी घसरणार नाही अशी घाला. दिंडोरी तालुक्यातल्या करंजवण धरणातून मनमाडला थेट जलवाहिनीने पाणी आणण्याची योजना आहे. नळ रोज येऊ लागला तर एवढ्या मोठ्या टाक्यांची गरज उरणार नाही आणि आमचं तेवढं काम कमी होईल. व्हावंच. पाषाण फोडण्यात जाणारा तो पैसा म्हाताऱ्या माणसांच्या न्हाणीघरावर खर्च झाला, तर मला ते काम जास्त आवडेल.