मांजराचं खाणं बदललं की पोट का बिघडतं?

खर्ड्यासारख्या गावात मांजर दूध-भाकरीवर वाढतं. सुट्टीला आलेली लेक शहरातून कोरड्या दाण्यांचं पाकीट आणते, वाटी भरून ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी ओसरीवर पातळ, आंबूस वासाची शी दिसते. दोष बहुधा पाकिटाचा नसतो, घाईचा असतो.

आतड्यातले कोट्यवधी जिवाणू रोजच्या खाण्याप्रमाणे वाढतात. अन्न एकदम बदलणं म्हणजे ज्वारी काढणाऱ्या टोळीला अचानक ऊसतोडीला उभं करणं. न पचलेलं अन्न मोठ्या आतड्यात आंबतं, पाणी ओढून घेतं, जुलाब होतात. दुधाचंही तसंच. पिल्लू मोठं होतं तशी दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होत जाते.

म्हणून आधी पाव वाटा नवं, पाऊण जुनं, मग निम्मं-निम्मं, सात ते दहा दिवसांत पूर्ण नवं. शी पातळ झाली तर एक पायरी मागे यावं.

‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट मात्र मांजराशी नकोच. दोन-तीन दिवस उपास घडला, तर अंगातली चरबी यकृतात साचते. लठ्ठ मांजराच्या तर ते जिवावर बेततं. दिवसभर तोंड लावलं नाही, उलट्या थांबेनात किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर जनावरांचा दवाखाना गाठावा.