किनारा नसलेले नगर

बंदराच्या शहरात नवख्या प्रवाशाचे काम सोपे असते. मुंबईत अपोलो बंदरावर जाऊन उभे राहिले, की पाठीशी शहर आणि पुढ्यात समुद्र अशी दिशांची वाटणी आपोआप होऊन जाते. कोलंबो असो, सिंगापूर असो की हाँगकाँग असो, नगर का वसले, कशावर पोसले आणि त्याचे तोंड कोणीकडे आहे, हे धक्क्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासातच उमगते. पुढे जे पाहावयाचे तेही बहुधा पाण्याच्या काठाकाठानेच मांडलेले असते.

बंगळूरला हा आधार नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर हे नगर वसले आहे. मंगळूर आणि चेन्नई ही दोन्ही बंदरे येथून साधारण साडेतीनशे किलोमीटरांवर. बरे, समुद्र नाही तर नदी तरी असावी. पुण्याला मुळा-मुठा आहेत, नाशिकला गोदावरी आहे. बंगळूरला तशी मोठी नदीही नाही. हे शहर एका जलविभाजकावर बसले आहे. येथे पडणारा पाऊस पश्चिमेच्या उतारावर पडला तर वृषभावती आणि अर्कावती यांच्या वाटेने कावेरीला मिळतो, आणि पूर्वेच्या उतारावर पडला तर दक्षिण पिनाकिनीकडे जातो. शहराजवळ त्यातले काही आपण होऊन थांबत नाही.

म्हणूनच महाराष्ट्रातून आलेला प्रवासी येथे काहीसा गोंधळतो. तो १९५६ मध्ये पुरे झालेले विधानसौध पाहतो, कब्बन पार्कच्या झाडांखाली एक दुपार घालवतो, आणि 'हवा छान आहे, पण पाहण्यासारखे फारसे नाही' असा शेरा मारून तिसऱ्या दिवशी म्हैसूरची गाडी धरतो. हा शेरा घाईचा होय. ज्या नगराला निसर्गाने पाणी दिले नाही, त्याने पाणी कसे साठवले, हे पाहू लागले की बंगळूर उलगडू लागते. आणि त्या शोधात मराठी माणसाला आपल्याच पूर्वजांच्या खुणा ठायीठायी भेटतात.

१५३७ मध्ये येलहंक येथील नायक केंपेगौडा यांनी येथे मातीचा कोट बांधला, आत पेठा वसवल्या आणि भोवती तळी खोदवली. तळ्याला कन्नडमध्ये 'केरे' म्हणतात. उताराला आडवा बांध घालावयाचा, पावसाळ्याचे पाणी अडवावयाचे, एक तळे भरले की सांडव्यावरून वाहणारे पाणी खालच्या तळ्यात उतरवावयाचे, अशी ही साखळी. केंपेगौडांनी व त्यांच्या वंशजांनी ती वाढवली. नगराच्या चार बाजूंना उभे असलेले चार छोटे दगडी मनोरे त्याच घराण्याचे. त्यांपैकी दोन तर तळ्यांच्याच काठी आहेत: एक हलसूरच्या आणि दुसरा केंपांबुधीच्या.

आज ही तळी पाहू म्हटले तर नकाशा हाती घेऊन हिंडावे लागते, आणि पुष्कळदा तळ्याच्या जागी भलतेच काही आढळते. 'मॅजेस्टिक' या नावाने ओळखले जाणारे मध्यवर्ती बसस्थानक उभे आहे ते धर्मांबुधी तळ्याच्या पोटात. पेठेचे पाणी याच तळ्यावर चाले. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण झाले. चैत्री पौर्णिमेच्या करग उत्सवासाठी लागतो म्हणून त्याचा एक चौकोनी तुकडा तेवढा राखला गेला. एवढे मोठे तळे गेले आणि उत्सवापुरते पाणी उरले! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्ट्याचे पाणी नळाने आले, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला, १९७४ मध्ये कावेरी आली. आणि नळ आल्यावर तळ्यांची गरज वाटेनाशी झाली. कावेरीचे हे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून आणि पाचशे मीटरांच्या आसपास चढ चढवून पंपांनी आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात विंधनविहिरी आटल्या, तेव्हा टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्यांना बुजलेल्या तळ्यांची आठवण झाली.

जुने नगर पाहण्यास सर्वांत सोयीची वाट म्हणजे मेट्रोची हिरवी मार्गिका. उत्तरेकडे मल्लेश्वरमच्या कडेला असलेल्या संपिगे रोड स्थानकापासून दक्षिणेकडे बनशंकरीपर्यंत ती २०१७ पासून धावत आहे. तिच्या आखणाऱ्यांच्या मनात तसे काही नसेल. पण बंगळूरचा चारशे-पाचशे वर्षांचा इतिहास त्यांनी एका रुळावर आणून ठेवला आहे, एवढे खरे.

मल्लेश्वरमला काडु मल्लेश्वराचे देऊळ आहे. 'काडु' म्हणजे रान. १६६९ मधील एका शिलालेखात या देवाला एक गाव इनाम दिल्याची नोंद आहे, आणि दाता आहे एकोजी, म्हणजे शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे. बंगळूर आणि भोसले हा संबंध महाराष्ट्रात पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीपुरताच ठाऊक असतो. वास्तविक १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे नगर जिंकले, शहाजीराजांना ते जहागिरीत मिळाले, आणि तेव्हापासून १६८७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे, ते भोसल्यांकडे होते. बाल शिवाजी आणि जिजाबाई काही काळ येथे राहून गेली. शहाजीराजांच्या येथील दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथात आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. पुढे व्यंकोजींची गादी तंजावरास गेली, १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने बंगळूर घेतले, आणि तीन लाख रुपयांना ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांच्या हाती गेले. शहाजीराजांचा वाडा मात्र आज दाखवता येत नाही.

वाडा नसला तरी ज्या पेठेत तो होता ती पेठ आहे. चिक्कपेटे स्थानकावर उतरणाऱ्या पुणेकराला 'पेटे' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बळेपेटेत बांगड्या, अक्किपेटेत तांदूळ, अरळेपेटेत कापूस, तरगुपेटेत धान्य, अशी मालावरून पडलेली नावे. गल्ल्या अरुंद आहेत, हमालांच्या हातगाड्यांना वाट करून द्यावी लागते, आणि रेशमी लुगड्यांच्या दुकानांत भाव करण्याची तयारी ठेवावी लागते. पुढच्याच स्थानकाजवळ कृष्णराजेंद्र बाजार आहे. तेथे पहाटे जावे. फुलांचे ढीग पाहावयाचे तर ते सूर्य वर येण्यापूर्वी. बाजारापलीकडे किल्ल्याचा उरलेला थोडा भाग आणि टिपूचा सागवानी राजवाडा आहे. हैदरअलीने १७८१ मध्ये त्याचे काम आरंभिले, टिपूने १७९१ मध्ये ते पुरे केले, आणि त्याच वर्षी कॉर्नवॉलिसच्या फौजेने किल्ला घेतला. हे सर्व पाहण्यास तासभर पुरतो.

बसवनगुडीला मात्र सबंध दिवस द्यावा. १८९८ च्या प्लेगनंतर दाट पेठेतून लोकांना मोकळ्या जागेत हलवण्यासाठी आखलेल्या वस्त्यांपैकी ही एक. मल्लेश्वरम ही दुसरी. येथील नंदी एकाच शिळेतून घडवलेला, उंचीला साधारण साडेचार मीटर. कार्तिकाच्या शेवटच्या सोमवारी त्याच्यापुढे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. शेतातल्या शेंगा एक बैल खाऊन जाई, त्याला शांत करण्यासाठी शेतकऱ्यांनी देऊळ बांधले आणि पहिले पीक त्याला वाहिले, अशी कथा सांगतात. वृषभावती नदीचा उगमही नंदीच्या पायाशी मानतात. आज त्या नदीची काय दशा आहे, हे म्हैसूरच्या रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला तिच्या दुर्गंधीवरूनच कळते. बसवनगुडीतच 'गोखले सार्वजनिक विचार संस्था' आहे. कन्नडचे थोर लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ मध्ये ती स्थापिली, आणि नाव दिले ते आपल्या नामदार गोखल्यांचे.

तेथून चालत गवीपुरम गाठता येते. 'गवी' म्हणजे गुहा. गवी गंगाधरेश्वराच्या अंगणात चार दगडी स्तंभ आहेत: एकावर त्रिशूळ, एकावर डमरू आणि दोहोंवर सूर्य-चंद्रांची प्रचंड तबके. मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी मावळतीचे किरण खिडकीतून येऊन नंदीच्या शिंगांमधून गुहेतील शिवलिंगावर पडतात. त्या दिवशी गर्दी एवढी असते, की किरणांऐवजी माणसांच्या पाठीच पाहून परतावे लागते. स्तंभ नीट पाहावयाचे असतील तर एखाद्या साध्या दिवशी सकाळी जाणे बरे. गवीपुरमलाच मराठा समाजाचा गोसावी मठ आहे, आणि थोड्या अंतरावर केंपांबुधी तळे. सांडपाण्याने ग्रासलेले असले तरी ते बुजलेले नाही. एवढ्यासाठी तरी त्याच्या काठी जाऊन यावे.

लालबाग म्हटले की मुंबईकराला गणपती आठवतो. येथील लालबाग हे २४० एकरांचे उद्यान आहे. आरंभ १७६० मध्ये हैदरअलीने केला. काचगृह १८८९ मधले. प्रजासत्ताकदिन आणि स्वातंत्र्यदिन यांच्या सुमारास तेथे पुष्पप्रदर्शन भरते. परंतु उद्यानातील सर्वांत जुनी वस्तू म्हणजे तेथला खडक. त्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे सांगतात. त्याच्या माथ्यावर चार मनोऱ्यांपैकी एक आहे. संध्याकाळी तेथे बसले, की दक्षिणेकडे घरांची दाटी पसरलेली दिसते. तिकडेच बनशंकरी.

बनशंकरी हे आज एका विस्तीर्ण उपनगराचे नाव आहे. त्याचे टप्पे पाडलेले आहेत आणि त्यांना 'स्टेज' म्हणतात. पत्त्यात स्टेज लिहिलेले नसेल तर रिक्षावाला नम्रपणे हात जोडतो. नाव आले आहे ते कनकपूर रस्त्यावरील देवळावरून. १९१५ मध्ये एका भक्ताने उत्तर कर्नाटकातील बदामीच्या बनशंकरीची येथे स्थापना केली. ती मूळची बनशंकरी पुष्कळ मराठी घरांची कुलस्वामिनी आहे. पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत शाकंभरीचे नवरात्र बसवणारी घरे महाराष्ट्रात आजही आहेत, आणि बदामीच्या देवळाचा अठराव्या शतकातील जीर्णोद्धारही एका मराठा सरदारानेच केला. शाकंभरीची कथा दुष्काळाची आहे. शंभर वर्षे पाऊस पडला नाही तेव्हा देवीने आपल्या देहातून शाकभाजी उत्पन्न करून लोकांना जगवले. म्हणून तिला भाज्यांचा नैवेद्य. रानातली म्हणून ती वनशंकरी. येथे आता रान नाही, देवळासमोर मेट्रोचे खांब आहेत.

मराठी यात्रेकरूला येथील एक रीत चकित करते. राहुकाळ म्हणजे शुभकार्यास वर्ज्य वेळ. येथे मात्र भक्त मुद्दाम राहुकाळातच येतात. विशेषतः मंगळवारी दुपारी ३ ते ४॥, शुक्रवारी सकाळी १०॥ ते १२ आणि रविवारी सायंकाळी ४॥ ते ६. लिंबू कापून पिळावयाचे, अर्धी साल उलटी करून तिची वाटी करावयाची, तीत तूप किंवा तेल घालून वात लावावयाची. अडलेले लग्न, हरवलेली नोकरी, घरातले आजारपण, ज्याचे जे असेल ते घेऊन माणसे त्या दिव्यांपुढे ओळीने उभी राहतात. वाईट वेळ टाळण्याऐवजी ती देवीपुढे आणून ठेवावी, असा त्या रिवाजामागचा भाव आहे.

या तीन वारी लिंबांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांमधून वाट काढीत जावे लागते. ज्यांना निवांत दर्शन हवे त्यांनी बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी लवकर जावे. परतण्यासाठी मेट्रोचे स्थानक अगदी जवळ आहे, आणि तेथून निघालेली गाडी थोड्याच वेळात प्रवाशाला मॅजेस्टिकच्या भुयारी स्थानकात, धर्मांबुधीच्या जुन्या जागेत, आणून सोडते.