अस्थिसदृश खनिजांवरील प्रथिन-अधिशोषण

अस्थिसदृश खनिजांवरील प्रथिन-अधिशोषण : हाडातील खनिजाशी रासायनिक साम्य असलेल्या पदार्थांच्या पृष्ठभागावर रक्त व ऊतकद्रव यांतील प्रथिनांचे रेणू धरून ठेवले जाण्याची क्रिया. शरीरात असा पदार्थ बसविल्यावर कोशिका तेथे पोहोचण्यापूर्वीच, काही सेकंदांत, त्यावर प्रथिनांचा थर जमू लागतो. कोशिकांचा संबंध मुख्यतः या थराशी येतो. त्यामुळे रोपण हाडाशी एकजीव होणार की तंतुमय वेष्टनात सैल राहणार, हे बऱ्याच अंशी या थरावर अवलंबून असते.

पृष्ठाची रचना : या गटातील प्रमुख खनिज हायड्रॉक्सिॲपेटाइट हे कॅल्शियमाचे क्षारीय फॉस्फेट असून त्यातील कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या अणूंचे गुणोत्तर १.६७ असते. हाडातील खनिज मात्र शुद्ध नसते. त्यात कार्बोनेट तसेच मॅग्नेशियम, सोडियम इ. आयन असतात आणि त्याचे स्फटिक अतिसूक्ष्म असतात. हायड्रॉक्सिॲपेटाइटाच्या पृष्ठावर धन विद्युत् भारित कॅल्शियम-स्थाने व ऋण विद्युत् भारित फॉस्फेट-स्थाने अशी दोन प्रकारची स्थाने आढळतात. शरीरद्रवाच्या ७.४ या पीएच मूल्यास अल्ब्युमीन ऋण भारित असते व आपल्या कार्बॉक्सिल गटांद्वारे कॅल्शियम-स्थानांशी बद्ध होते. लायसोझाइमासारखे क्षारधर्मी प्रथिन अमिनो गटांद्वारे फॉस्फेट-स्थानांकडे ओढले जाते. विद्रावात फॉस्फेट आयन वाढविल्यास ते प्रथिनांना पृष्ठावरून हुसकावतात. १९५६ मध्ये आर्ने टिसेलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिने अलग करण्यासाठी या खनिजाच्या स्तंभाचा उपयोग केला, तो याच गुणधर्मावर आधारलेला आहे.

थरातील बदल : विपुल व लहान रेणूंची प्रथिने प्रथम चिकटतात, पुढे अधिक आसक्ती असलेली प्रथिने त्यांची जागा घेतात. लिओ व्रोमन यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. मात्र केवळ अधिशोषित प्रथिनाची राशी महत्त्वाची नसते. फायब्रोनेक्टिनातील आर्जिनीन, ग्लायसीन व ॲस्पार्टिक अम्ल या क्रमाचा लहानसा भाग कोशिकेला धरून ठेवतो. पृष्ठावर रेणूची घडी अशी मोडली की हा भाग झाकला गेला, तर प्रथिन भरपूर असूनही कोशिका नीट चिकटत नाहीत.

सागरी कच्चा माल : १९७४ मध्ये डी. एम. रॉय व एस. के. लिनेहान यांनी प्रवाळाच्या सांगाड्यातील कॅल्शियम कार्बोनेटाचे, फॉस्फेट विद्रावात उष्णता व दाब देऊन, हायड्रॉक्सिॲपेटाइटात रूपांतर केले. मूळ सच्छिद्र रचना त्यात टिकून राहते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणच्या किनाऱ्यावरही प्रवाळे आहेत; परंतु तेथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले असून दगडी प्रवाळांना कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून कालवे, तिसऱ्या यांच्या खाण्यानंतर उरणाऱ्या शिंपा हाच या किनाऱ्यावरील योग्य पर्याय ठरतो. कोकणात शिंपा भाजून चुना करण्याची रीत जुनी आहे. भाजून विझविलेल्या चुन्यावर फॉस्फोरिक अम्लाची क्रिया, विद्राव क्षारीय राखून, केल्यास हायड्रॉक्सिॲपेटाइट अवक्षेपित होते. शिंपांतील अल्प मॅग्नेशियम व स्ट्राँशियम त्यात उतरू शकतात आणि पृष्ठाचे गुणधर्म बदलतात. तसेच सु. १,०००° से. वा अधिक तापमानास भाजल्यास स्फटिक वाढून पृष्ठक्षेत्र घटते व प्रथिने धरण्याची क्षमता कमी होते. यामुळे दोन नमुन्यांचे रासायनिक सूत्र एकच असले, तरी शरीरातील त्यांचे वर्तन भिन्न असू शकते. वैद्यकीय उपयोगापूर्वी शिसे, कॅडमियम यांसारख्या अपद्रव्यांची आणि प्रत्यक्ष पृष्ठाची तपासणी आवश्यक ठरते.