किल्ली आणि तिच्यामागचा स्विच

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु लोणीत आमच्या काकांची जुनी प्रीमियर पद्मिनी अद्याप चालते, आणि तिचा इग्निशन स्विच मी त्यांच्यासोबत बदलला आहे. मुंबईच्या टॅक्सींतून ही मोटार ऑक्टोबर 2023 अखेर निवृत्त झाली.

किल्ली फिरते ते कुलूप. वीज जोडणारा स्विच त्याच्या मागे असतो. बॅटरीची वीज तेथून इग्निशन कॉइलकडे व स्टार्टरकडे जाते. वर्षानुवर्षांच्या वापराने आतले काँटॅक्ट झिजतात. मग इंजिन सुरू होते आणि किल्ली सोडताच बंद पडते. कारण ‘स्टार्ट’चा काँटॅक्ट शाबूत असतो, ‘ऑन’चा गेलेला.

पुष्कळजण अशा वेळी वायर ‘डायरेक्ट’ करून वेगळे बटण बसवतात. ते चालू राहिले, तर इंजिन बंद असतानाही कॉइल तापते, बॅटरी उतरते. शिवाय चोराला किल्लीची गरजच उरत नाही.

स्विच बदलताना प्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. कारण किल्ली बंद असली तरी स्विचपर्यंत वीज आलेलीच असते. प्रत्येक वायरीला खुणेची चिठ्ठी बांधून जुना स्विच सोडवावा आणि नव्यावर त्याच खुणांनी वायरी जोडाव्यात. मग बॅटरी जोडावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि कॉइलवर टेस्ट लॅम्प लावून पाहावा. ‘ऑन’ व ‘स्टार्ट’ दोन्हींवर तो पेटला पाहिजे, आणि किल्ली हलवली तरी लुकलुकता कामा नये.

घाटाच्या चढावर इंजिन अचानक बंद पडले, तर मागच्या ट्रकला थांबायला अवधी मिळत नाही. एवढ्याशा स्विचला कमी लेखू नये, ते यासाठीच.