नोंदीतला माणूस आणि नोंदीचा चोर : मियाबे मियुकी यांची ‘काशा’

तोतया ही भारतीय परंपरेला अपरिचित असलेली व्यक्तिरेखा नव्हे. पानिपतच्या १७६१ मधील संग्रामानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरणाऱ्या तोतयास १७७६ मध्ये देहदंड झाला. बंगालमधील भवाल संन्याशाच्या खटल्यात मात्र दावेदाराच्या बाजूने निर्णय लागला आणि १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो कायम केला. निकाल परस्परविरुद्ध असले तरी दोन्ही प्रकरणांत वादाचा विषय एकच होता : समोर उभा असलेला देह कोणाचा? चेहरा, अंगावरील खुणा आणि ओळखणाऱ्यांची स्मृती यांवर निर्णय अवलंबून होता. तोतयेगिरीला प्रेक्षक लागत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील गुन्हेकथेत हा प्रेक्षक क्रमशः नाहीसा होतो आणि त्याच्या जागी नोंद येते. जपानी लेखिका मियाबे मियुकी यांची १९९२ मध्ये प्रकाशित झालेली ‘काशा’ ही कादंबरी या स्थित्यंतराच्या अभ्यासासाठी विशेष महत्त्वाची ठरते.

या स्थित्यंतराचा मधला टप्पा पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’ (१९५५) या कादंबरीत दिसतो. टॉम रिप्ली डिकी ग्रीनलीफचा खून करून त्याचे नाव धारण करतो. सही, पारपत्र आणि टंकलिखित पत्रे ही त्याची साधने होत. तथापि रिप्लीला डिकीसारखे बोलावे आणि वागावे लागते. डिकीला पाहिलेला कोणी भेटण्याची भीती त्याला सतत असते. शिवाय त्याला डिकीचे ऐश्वर्य हवे आहे. ‘काशा’मधील स्त्रीला कोणाचेही ऐश्वर्य नको आहे. तिला केवळ स्वतःच्या नावापासून सुटका हवी आहे.

जखमी झाल्यामुळे रजेवर असलेला पोलीस अधिकारी होन्मा शुन्सुके याच्याकडे त्याच्या दिवंगत पत्नीचा एक नातेवाईक येतो. त्याची वाग्दत्त वधू सेकिने शोको अचानक नाहीशी झाली आहे. निमित्त क्षुल्लक आहे : क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला असता शोकोने पूर्वी दिवाळखोरी जाहीर केल्याचे उघड झाले. शोध पुढे सरकतो तसे लक्षात येते, की नाहीशी झालेली स्त्री शोको नव्हेच. ती शिन्जो क्योको आहे आणि खऱ्या शोकोचा बहुधा खून झाला आहे. टपालाने अंतर्वस्त्रे विकणाऱ्या कंपनीत काम करत असताना ग्राहकांच्या माहितीतून क्योकोने शोकोची निवड केली. निवडीची कसोटी भयावह आहे : वय जवळपास सारखे असावे आणि मागे चौकशी करणारे जवळचे कोणी नसावे. चोरीस योग्य ठरते ती संपत्ती नसून एकाकीपण होय.

क्योकोच्या या कृतीमागील कारण जपानच्या ‘कोसेकी’ या कुटुंबनोंदणीच्या व्यवस्थेत आहे. जन्म, विवाह, घटस्फोट आणि मृत्यू यांची नोंद या व्यवस्थेत कुटुंबाच्या पत्रकात होते. वडिलांच्या गृहकर्जापायी क्योकोचे कुटुंब रातोरात परागंदा झालेले असते. पुढे तिचा विवाह होतो, विवाहाची नोंद होते आणि त्याच नोंदीचा माग काढत वसुलीदार तिच्या सासरी पोहोचतात. संसार मोडतो. वडिलांचा मृत्यू झाल्याची खात्री व्हावी म्हणून ती सरकारी राजपत्रातील बेवारस मृतांच्या याद्या चाळते, हा कादंबरीतील अत्यंत विदारक प्रसंग होय. स्वतःच्या नोंदीने छळलेली ही स्त्री दुसरीची नोंद घेते. परंतु त्या नोंदीलाही कर्जाचा इतिहास चिकटलेला निघतो. कर्जातून पळालेली क्योको एका कर्जबाजारी स्त्रीच्या नावात शिरते. ‘काशा’ म्हणजे पापी मृतांना नरकाकडे नेणारा जळता रथ. एका रथातून उडी मारणारी व्यक्ती दुसऱ्या तशाच रथात पडते, असे या शीर्षकाचे सूचन आहे.

रचनेच्या दृष्टीने येथे एक मूलभूत बदल घडतो. अभिजात तपासकथेत गुन्हेगार माग पुसतो आणि शोधक तो वाचतो. ‘काशा’त दोघेही एकच गोष्ट करतात : परक्या माणसांची कागदपत्रे वाचून त्यांचे आयुष्य जुळवतात. रजेवर असलेल्या होन्माला अधिकृत तपासाचा अधिकार नाही. तरीही त्याला अनोळखी स्त्रियांचा भूतकाळ हाती लागत जातो. ज्या सुलभतेमुळे गुन्हा शक्य झाला, त्याच सुलभतेमुळे त्याचा उलगडाही होतो. त्यामुळे उलगड्यातून व्यवस्थेवरील विश्वास पुनःस्थापित होत नाही.

जेफ्री डीव्हर यांच्या ‘द ब्रोकन विंडो’ (२००८) या कादंबरीशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथे माहितीच्या प्रचंड साठ्याचा वापर करून खुनी निरपराधांविरुद्ध पुरावे रचतो. लिंकन ऱ्हाइमचा चुलत भाऊही त्यात अडकतो. परंतु डीव्हर दुष्टाव्याला एका विकृत व्यक्तीत केंद्रित करतात. ती व्यक्ती सापडली की कथानकाचे समाधान होते. मियाबे गुन्ह्याची जबाबदारी क्योकोवरून काढून घेत नाहीत. मात्र सुलभ पतपुरवठा, वसुली आणि नोंदणी यांची साखळीही वाचकापुढे मांडतात.

शेवटी होन्माला क्योको दिसते, तिच्या खांद्यावर हात ठेवला जातो आणि कादंबरी संपते. क्योको आपली बाजू सांगत नाही. वाचकाला ती इतरांच्या साक्षींतून आणि कागदांतूनच कळलेली असते. दक्षिण कोरियात ब्योन यंग-जू यांनी २०१२ मध्ये केलेल्या चित्रपटीय रूपांतरात तिला साहजिकच चेहरा आणि आवाज मिळतो. माध्यमांतरात कादंबरीचा सर्वांत अर्थपूर्ण अभावच भरून निघतो, ही बाब रूपांतराच्या अभ्यासकाने नोंदवण्याजोगी आहे.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ‘६६ सी’ हे कलम २००९ मध्ये अमलात आले आणि ओळखचोरी स्वतंत्र गुन्हा ठरली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. कायदा नोंदीच्या चोरीचा विचार करतो. नोंदीपलीकडे ज्याला ओळखणारे कोणीच उरले नाही, त्याच्या हानीचे मोजमाप कायद्याच्या भाषेत होत नाही. भाऊसाहेबांच्या तोतयापुढे खऱ्या भाऊंना ओळखणारी माणसे होती. शोकोच्या बाबतीत तशी माणसे जवळजवळ नव्हती. ओळखचोरीच्या गुन्हेकथेचे वाङ्मयीन कार्य या ठिकाणी सुरू होते.